बाराव्या खांबाची वेळ

सोमवार, ३

निघायच्या आधीच वाद. धाकट्या बहिणीने सकाळी साडेसहाला फोन करून सुनावलं, "ताई, तुझ्या वयाच्या बायका गुडघे बदलून घेतात. तू गिअर बदलायला शिकलीस."

"माझे गुडघे शाबूत आहेत. म्हणून तर चाललेय."

"एका दगडासाठी?"

हो, एका दगडासाठी. किनारा जिथे संपतो त्या शेवटच्या गावच्या ग्रामपंचायतीने गेल्या महिन्यात एक शिळा उभी केली. तिचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि माझा चहा गार झाला. 'भरती-ओहोटीच्या तक्त्यातील चुकीमुळे वाळूच्या वाटेवर बुडालेल्या सात जणांच्या स्मरणार्थ.' अकरा वर्षांपूर्वीचा तो तक्ता माझ्या टेबलावरून छापायला गेला होता. बत्तीस वर्षं मी तक्ता विभागात काढली, त्यातली चौदा प्रमुख म्हणून. ओळ न् ओळ मी तपासायची. सात माणसं गेली याचं मलाही वाईट वाटतं, पण रमतगमत निघून उशीर केला त्यांनी आणि दगडावर चूक कोरायची माझ्या तक्त्याची? तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर: पुरावा असल्यास सादर करावा.

करते सादर. किनाऱ्यावर आमच्या खात्याचे पाणी मोजायचे बारा खांब आहेत. पूर्वी दरवर्षी याच पंधरवड्यात एकजण सायकलवरून बाराही खांबांवर जाऊन पाण्याची उंची आणि वेळ टिपून आणायचा. त्याला आम्ही फेरी म्हणायचो. यंत्रं आली आणि नऊ वर्षांपूर्वी फेरी बंद झाली. मी स्वतः कधी गेले नव्हते. आता जातेय. चारशे दहा किलोमीटर, पंधरा दिवस, एकटी. बारा खांब, बारा नोंदी, आणि मग ती शिळा उखडायला लावते की नाही बघा.

सायकल भाच्याने निवडून दिली. हँडलला तंबू, मधल्या त्रिकोणात स्टोव्ह आणि पंक्चरचं सामान, सीटखाली कपडे. उभी केली की ओझ्याने एका अंगाला कलते आणि बाजारातून परतलेल्या माझ्या मावशीसारखी दिसते.

मंगळवार, ४

पहिला खांब. ओहोटी तक्त्याप्रमाणे ७:५० ला. पाणी थांबलं ७:५० ला. मी टाळ्या वाजवल्या. कोणी नव्हतं, म्हणून वाजवल्या.

बसायच्या जागेबद्दल लिहीत नाही. शाळेत नन्सनी शिकवलं होतं की शरीराच्या ज्या भागाचं नाव चारचौघांत घेता येत नाही त्याची तक्रारही करू नये. पण नन्स सायकलवर अठ्ठावीस किलोमीटर गेल्या नव्हत्या.

खांबावर माणसाच्या उंचीला खडूने लिहिलेला एक आकडा दिसला. ताजा. पोरांचा खेळ असेल.

गुरुवार, ६

वारा सतत समोरून. चेनमध्ये वाळू गेली की ती दात खाल्ल्यासारखी वाजते. दर तासाला थांबून फडक्याने पुसायची, दोन थेंब तेल द्यायचं. मला हे आवडायला लागलंय. कुणाला सांगणार नाही.

तिसऱ्या खांबाजवळ एक बाई रस्त्याच्या कडेला चहा विकते. माझी सायकल बघून म्हणाली, "दुसऱ्या तुम्ही. काल एक गेल्या."

"एक म्हणजे?"

"बाईच. अशाच पिशव्या लावलेल्या. खांबाकडे गेल्या, काहीतरी लिहिलं, निघाल्या. खात्याच्या असतील. दरवर्षी येतात."

"खात्याची फेरी नऊ वर्षांपूर्वी बंद झाली."

"झाली असेल हो. त्यांना कुणी सांगितलं नसेल."

शुक्रवार, ७

हा प्रकार नीट लिहून ठेवते.

चौथ्या खांबाशी १०:१२ ला पोचले. खांबावर खडूने आजची तारीख, '१०:४०' आणि उंची. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. माझ्या घड्याळात तेव्हा १०:१२ वाजले होते. दोनदा बघितलं. मग स्टुलासारख्या एका दगडावर बसून राहिले. १०:४० ला पाणी बरोबर त्या उंचीवर आलं. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही.

नोंद आगाऊ लिहून ठेवणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा होता. त्यासाठी दोघांची पगारवाढ मी रोखली आहे. ही कोण बया असेल ती असो, खात्याची शिस्त तिला माहीत नाही.

वाळूत एकाच सायकलचे टायर उमटले होते, पुढे जाणारे. मी त्यांच्यावरूनच चालवत गेले, तिथे वाळू घट्ट होती.

रविवार, ९

सहावा खांब झाला. सगळ्या वेळा तक्त्याशी जुळताहेत. कर्णधाराने बाकावर बसून स्वतःच्या संघाच्या धावा मोजाव्यात तसं वाटतंय. रोज खडूचा आकडा माझ्याआधी लिहिलेला असतो, आणि रोज तो खरा ठरतो. मी आता त्याच्याकडे न बघता आधी माझी नोंद करते. शाळेत शेजारणीची वही दिसू नये म्हणून हात आडवा धरायचे, तसा.

आज लॉजवर राहिले. व्यवस्थापक रजिस्टर पुढे करून म्हणाला, "तुमच्या मैत्रीण तासाभरापूर्वी पुढे गेल्या. थांबा म्हटलं तर हसल्या नुसत्या."

"माझी मैत्रीण नाही ती."

"मग दोघी एकसारखं काय विचारता? आधी पाण्याची वेळ, मग खोलीचं भाडं."

"कशी दिसते?"

त्याला नीट सांगता येईना. किरकोळ अंगाची म्हणाला, बोलताना नाक ओढते. आणि इतक्या उन्हात कपडे ओले.

झोप लागायला वेळ लागला. किरकोळ बायका जगात पुष्कळ असतात. नाकही पुष्कळजणी ओढतात.

मंगळवार, ११

लिहायचं नव्हतं, पण आज पायडल मारताना दुसरं काही डोक्यात येईना.

आमच्या विभागात एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिच्या नोकरीची शेवटची पाच वर्षं फेरी तीच करायची. बारावा खांब वाळूच्या वाटेवर नवा उभारला तेव्हा त्याची पहिली नोंदही तिनेच आणली. काम चोख, पण पानं म्हणजे नुसता उकिरडा. खाऱ्या पाण्याचे डाग, शाईचे ओघळ, वाळूचे कण. मुख्य बंदराच्या वेळेत किती मिनिटं मिळवली की त्या-त्या खांबाची वेळ येते, एवढाच आकडा प्रत्येक पानावर हवा असायचा. तेवढाही धड नाही. मग मी अर्ध्या ब्लेडने एकेक ठिपका खरडून पान स्वच्छ करायची आणि छापखान्यात पाठवायची. बाराव्याच्या पानावर २५ च्या आधी एक आडवी रेघ होती. अकरा पानांवर सरळ आकडे आणि बाराव्याला हे शेपूट. विचारायला ती जागेवर नव्हती. खरडली. आकड्याला मी हातही लावला नाही.

पुढे ते सातजण गेले. चौकशी बसली. मी सांगितलं, आकडा तिच्याकडून आला तसाच छापला आहे. ते खरंच होतं. ती मूळ पान मागत राहिली; पानाशिवाय काही सांगू लागली की मी तिला थांबवायची. छपाई झाली की मूळ पानं फाडून टाकायची असा नियम होता आणि मी नियम पाळणारी. निष्काळजी नोंद म्हणून तिला काढून टाकलं. मला तेही पटलं नव्हतं. माझं म्हणणं, तक्त्यात चूकच नव्हती, मग तिची तरी कशी असेल? पण चौकशीवाल्यांना कुणीतरी हवं होतं.

जाताना ती माझ्या टेबलाशी येऊन नाक ओढत म्हणाली, "मॅडम, एकदा फेरीवर चला ना. बाराव्या खांबावर उभ्या राहा फक्त."

मी म्हणाले, "तक्ता करायला पाय ओले करावे लागत नाहीत."

दुसऱ्या वर्षी ती स्वतःच्या सायकलवरून फेरीला निघाली. नोकरी नसताना. अकराव्या खांबापर्यंत लोकांनी तिला पाहिल्याचं आमच्या कानावर आलं, परत मात्र ती आली नाही. कुणी म्हणालं, जीव दिला. मी म्हटलं, निष्काळजीपणा. आज सात-आठ तास चढावर सायकल ढकलली, तेवढा वेळ ते वाक्य माझ्याबरोबर होतं. चांगलं वाक्य नव्हतं ते.

बुधवार, १२

आठवा. जुळला. टायरच्या खुणांत पाणी भरलेलं होतं, आणि माझ्यासमोर ते झिरपत होतं. म्हणजे कुणी जेमतेम मिनिटापूर्वी गेलेलं. समोर दोन किलोमीटर सपाट किनारा. एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

शुक्रवार, १४

अकराव्या खांबाच्या गावात मागचं चाक डगमगायला लागलं. सायकलवाल्याने तारा आवळून दिल्या. हात चालू आणि तोंडही चालू.

"आजी, एवढं सामान घेऊन कुठे, पळून चाललात काय?"

"आजी म्हणू नकोस. लग्न केलं नाही मी."

"मग ताई. तुमच्याबरोबरच्या ताईंच्या चाकातही हवा भरू का? टायर अगदीच बसलेत. चिखल पण किती. कधीपासून धुतली नाही सायकल?"

मी मागे वळून पाहिलं. दुकानाच्या भिंतीला माझ्या सायकलशेजारी ओला पट्टा होता, दुसरी सायकल टेकवली की उमटतो तसा. सायकल नव्हती.

"कुठल्या ताई?"

तो बाहेर येऊन इकडेतिकडे बघत राहिला. "आत्ता तर तुमच्या मागे उभ्या होत्या." मग पैसे घ्यायलाही तयार होईना. मी ते बाकावर ठेवून आले.

धाकटीला फोन केला. म्हटलं, कुणी माझी चेष्टा करतंय, खात्यातलं असावं, जुना राग धरून. तिने टोमणा मारला नाही, आधी जेवलीस का विचारलं. मग म्हणाली, "ताई, परत ये गं. दगड काय, पावसाने झिजेल."

"शंभर वर्षं लागतील."

"मग शंभर वर्षं तू बरोबर होतीस हे लोकांना कळलं नाही तर काय बिघडतं?"

बिघडतं.

रविवार, १६

शेवटचं गाव. इथून समोरच्या टोकापर्यंत तीन किलोमीटर ओली वाळू. ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास एवढीच वाट मोकळी असते. मधोमध बारावा खांब, त्याला लोखंडी पायऱ्या आणि वर नोंद करणाऱ्याला बसायला फळी. अपघातानंतर खात्याने तक्त्यातून हा खांब काढून टाकला, त्यामुळे त्याच्यावर आजवर पुन्हा कुणी मोजमाप केलेलं नाही.

शिळा पाहिली. काळी, गुळगुळीत, अक्षरं सुबक. एकही शुद्धलेखनाची चूक नाही. मला एखादी मिळाली असती तर बरं वाटलं असतं. सात नावं. दोन एकाच आडनावाची.

वाटेच्या तोंडाशी एक म्हातारी जाळी दुरुस्त करते. त्या दोन नावांपैकी एक तिच्या मुलाचं, एक सुनेचं. हे तिने हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी कोण ते मी सांगितलं नाही. उद्या वाट कधी मोकळी होईल, एवढंच विचारलं.

"आठला पाणी पार उतरतं. नवाच्या आत समोर पोचायचं, नाहीतर पाय टाकायचा नाही."

"उद्या बंदरात ओहोटी ८:३५ ला. त्यात पंचवीस मिनिटं मिळवली की इथे नऊ. म्हणजे दहापर्यंत वाट मोकळी."

तिने सुई थांबवली. "मिळवायची कशाला? इथे पाणी दोन्ही बाजूंनी येतं, टोकाला वळसा घालून. बंदराच्या आधीच येतं. आमच्या कोंबड्यांनाही माहीत आहे."

"लोक अंदाजाने बोलतात. मी मोजून बोलते."

"मोजायला आणखी एक यायची," म्हातारी म्हणाली. "तीही म्हणाली, मोजून येते. मी म्हटलं, बाई, आमचं ऐक. तर म्हणाली, मला माहीत आहे आजी, मला पाणी चढतानाच टिपायचंय. नाहीतर माझं कुणी खरं धरणार नाही."

तंबू तिच्याच अंगणात ठोकला. तिने आतून दोन सतरंज्या आणून दिल्या. एक पुरे, म्हटलं. तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि दुसरीही ठेवली.

सोमवार, १७

सकाळी ८:००. म्हातारी वाटेत आडवी उभी राहिली. "आता उशीर झाला. उद्या जा." मी म्हटलं, तक्त्याप्रमाणे अजून एक तास पाणी उतरायचंय. आणि मला याच वेळेला जायचंय, नाहीतर पुरावा कसला? ती बाजूला झाली. "तुम्ही मोजणाऱ्या सगळ्या एकाच मातीच्या," म्हणाली आणि होडीवाल्याच्या घराकडे वळली.

८:५०. खांबापाशी. सायकल ढकलत यायला पाऊण तास लागला. वाळू घट्ट, हवा स्वच्छ. खांबाभोवती घोट्याएवढं पाणी. आज खांबावर खडूचा आकडा नाही. बाराही खांबांत हाच पहिला कोरा.

८:५५. दोन बोटं चढलं.

९:००. तक्त्याप्रमाणे ओहोटीचा तळ. पाणी पोटरीला. लाट असेल.

९:०५. लाट नाही.

९:१५. अजून इथेच आहे. नऊ-पाचलाच परत फिरायला हवं होतं, हे नऊ-पाचला कळत होतं. पण दर वेळी वाटत होतं, पुढच्या नोंदीला उतरेल. उतरेल आणि मी लिहीन, पहा, उतरलं. आता दोन्ही बाजूंच्या खोलगट पट्ट्यांतून पाणी वाहतंय.

९:४०. वर, फळीवर. सायकल खाली आडवी झाली आणि हळूहळू सरकत गेली. स्टोव्ह, तंबू, सगळं. ही वही गळ्यातल्या पिशवीत होती. फळीची उजवी बाजू कुजलेली आहे, मी डावीकडे बसले. शिटी वाजवली. किनाऱ्यावर माणसं दिसतात, होडी काढलेली आहे, पण पाण्याला ओढ इतकी की ते भरती थांबायची वाट बघताहेत. मीही तेच केलं असतं.

११:३०. बत्तीस वर्षं ज्याच्यावर मी पगार घेतला ते पाणी हे. मी ते पाहिलं नव्हतं. ते येत नाही, ते असतंच, फक्त आपल्याला आधी दिसत नाही.

मोजायला वेळच वेळ आहे. तळ ९:०० ला नव्हता. पाणी मी पोचायच्या आधीच चढत होतं. चढायच्या वेगावरून मागे मोजत गेलं तर तळ येतो ८:१० ला. तीनदा केलं. ८:१० म्हणजे बंदराच्या ८:३५ मधून पंचवीस वजा.

वजा.

ते शेपूट नव्हतं.

१२:४५. तिला चौकशीत एक वाक्य बोलू द्यायला हवं होतं मी. विचारायला हवं होतं, ही रेघ कशाची गं? तिने सांगितलं असतं नाक ओढत. पाच सेकंद लागले असते.

अजून माझ्यातली एक बाई कोपऱ्यात बसून म्हणते आहे की एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. वारा असेल. उधाण असेल. ती बाई मला आता सहन होत नाही, पण तिला बोलायचा हक्क आहे. अजून एक मोजमाप बाकी आहे.

१:५०. पाणी फळीला लागलं. सांगायला हवं की फळीची कुजकी बाजू वाकलेली आहे, कुणी शेजारी बसावं तशी. लाकूड फुगतं. गार वाटतं त्या बाजूने. मी थोडी सरकले, जागा केली. का केली ते माहीत नाही. कुणीतरी माझ्याआधी आकडा पुटपुटतं आहे असं वाटतं, पण कानात पाण्याचा आवाज आहे.

२:०५. हे स्पष्ट लिहून ठेवते, वही सापडली तर उपयोगी पडेल. तळापासून भरती सहा तास बारा मिनिटं चढते; माझा आकडा खरा असेल तर ३:१२ पर्यंत चढेल. म्हणजे आणखी तास आणि सात मिनिटं. एवढ्या उधाणाला तेवढ्यात पाणी फळीच्या वीतभर वर येईल आणि लाट मला उचलून नेईल. खांब शेवाळलेला आहे, हातांत ताकद नाही. तिचा आकडा खरा असेल तर पाणी २:२२ ला थांबेल. म्हणजे सतरा मिनिटं.

माझा आकडा खरा असेल तर मी निर्दोष मरते.

आयुष्यात पहिल्यांदा माझा आकडा चुकावा असं वाटतंय. भीतीने वाटतंय, पश्चात्तापाने नाही. खोटं कशाला लिहू?

२:१५. पाणी फळीवर. मांड्या भिजल्या.

२:१८. एक बोट.

२:२०. तेवढंच.

२:२२. तेवढंच.

२:२६. तेवढंच. होडीवाल्यांनी होडी पाण्यात लोटली.

२:३४. उतरलं. फळीची कड पुन्हा दिसते आहे. पाऊण बोट, नीट मोजून. कुजकी बाजू आत्ताच झटक्याने वर आली. पाण्याचा भार गेला असेल.

म्हातारी होडीत पुढे बसली आहे, हात हलवते आहे. मी वाचले.

म्हणजे ती सात माणसं मी बुडवली. दगडावर चूक कोरली आहे ती बरोबर आहे, संख्या तेवढी चुकली. चिमणीला धरून आठ.